अफलातूनचा झरा

अफलातून हा शब्द आपल्या घरात इतका रुळलाय, की तो कुणाचं तरी नाव असेल हे डोक्यातही येत नाही. बेत अफलातून, आयडिया अफलातून, आणि शेजारचा कुणी जरा जास्तच शहाणपणा करायला लागला की "स्वतःला मोठा अफलातून समजतो!" मुंबईत माहीमला तर या नावाची तुपाने थबथबलेली मिठाईही मिळते. तर हा अफलातून म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो. मूळ ग्रीक नाव प्लातोन. अरबीत 'प' नाही आणि शब्दाची सुरुवात जोडाक्षराने होत नाही, म्हणून त्याचा झाला अफलातून. तिथून तो फारसीत गेला आणि फारसीचं बोट धरून आपल्या मराठीत आला. तुर्कीतही गेला. तिकडे 'एफ्लातुन' म्हणजे प्लेटो, आणि फिकट जांभळा रंगसुद्धा.

तुर्कस्तानात कोन्या प्रांतात, बेयशेहिर नावाच्या मोठ्या सरोवराजवळ एक झरा आहे. त्याचं नाव एफ्लातुन पनार. पनार म्हणजे झरा. म्हणजे शुद्ध मराठीत अफलातूनचा झरा! आज लिहायचंय ते त्याच्याबद्दल, आणि खरं सांगायचं तर त्या निमित्ताने मनात बसलेल्या एका भांडणाबद्दल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. प्लेटोचा या झऱ्याशी काडीचाही संबंध नाही. प्लेटो जन्माला आला त्याच्या साधारण आठशे वर्षं आधीच हा झरा बांधून काढलेला होता. मध्ययुगात कोन्या परिसरातल्या लोकांच्या कल्पनेतला प्लेटो तत्त्वज्ञ नव्हता. तो होता एक जादूगार-इंजिनिअर, पाण्यावर हुकूम चालवणारा. कोन्याचं पठार म्हणे पूर्वी समुद्र होता आणि अफलातूनने तो आटवला. एवढे प्रचंड दगड आणि एवढं निर्मळ पाणी बघितल्यावर लोकांना वाटलं असणार, हे काम साध्यासुध्या माणसाचं नव्हे, त्याचंच! हॅसलक नावाच्या इंग्रज अभ्यासकाने शंभरेक वर्षांपूर्वी या कथा जमवून त्यांच्यावर लिहून ठेवलंय. मला हे नाव फार आवडतं. ज्यांनी बांधलं त्यांचं नाव लोक विसरले, पण हे कुणीतरी पाण्याची अक्कल असलेल्या माणसाने केलंय एवढं नेमकं लक्षात ठेवलं.

बांधणारे होते हित्ती. इंग्रजीत हिटाइट म्हणतात ते. त्यांच्या देशाचं नाव खरोखरच 'हत्ती' होतं. (भाच्याने विचारलेला प्रश्न तुमच्याही मनात आला असेल, तर नाही, सोंडेशी काही संबंध नाही.) इसवी सनापूर्वी साधारण 1650 ते 1200 या काळात आजच्या तुर्कस्तानच्या मध्यभागी यांचं राज्य होतं. राजधानी हत्तुशा. इजिप्तच्या दुसऱ्या रामसेसशी कादेशला लढले ते हेच, आणि नंतर त्याच्याशी तह केला तोही यांनीच. त्या तहाची प्रतिकृती न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीत लावलेली आहे. एवढं मोठं साम्राज्य, पण एकोणिसाव्या शतकापर्यंत बायबलातल्या उल्लेखांपलीकडे त्यांच्याबद्दल कुणाला फारसं काही ठाऊक नव्हतं.

आम्ही 2022 च्या ऑक्टोबरात तुर्कस्तानला गेलो होतो. टूरच्या कार्यक्रमात कोन्या म्हणजे मौलाना रूमींची कबर, दुपारचं जेवण आणि पुढे बस कापाडोकियाकडे. आम्ही दोघं एक दिवस मागे राहिलो आणि गाडी ठरवून बेयशेहिरला गेलो. तिथून उत्तरेला वीस-बावीस किलोमीटरवर सादिकहाजी गावाजवळ हे ठिकाण आहे. आजूबाजूला शेतं, दूरवर डोंगर, आणि मध्येच सपाटीवर एक तळं. त्याच्या एका काठावर दगडांची भिंत. झालं. दुरून पाहिलं तर "एवढ्यासाठी आलो?" असंच कुणीही म्हणेल.

जवळ गेलं की मग कळतं.

भिंत साधारण सात मीटर रुंद. ज्वालामुखी खडकाच्या अवाढव्य शिळा एकमेकींवर रचलेल्या, मध्ये चुना नाही की कसलं सिमेंट नाही. मधोमध बसलेली एक देवता-जोडी, देव आणि देवी. देवाच्या डोक्यावर टोकदार टोपी, देवीच्या डोक्याभोवती गोल, प्रभावळीसारखं शिरोभूषण. तो आभाळातल्या वादळाचा देव आणि ती सूर्यदेवी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. (हो, हित्तींचा मुख्य सूर्य बाई होता.) दोघांच्या डोक्यावर पंख पसरलेली सूर्यबिंबं. दोन्ही बाजूंना एकावर एक उभे असलेले अर्धे माणूस-अर्धे प्राणी, हात वर करून वरचा भार तोलून धरणारे. आणि सगळ्यात वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकच प्रचंड पंखवालं सूर्यबिंब. म्हणजे आभाळ. सबंध भिंत म्हणजे विश्वाचा उभा छेद आहे. वर आभाळ, मध्ये देव, त्यांच्या आजूबाजूला आभाळ पेलणारे.

आणि खाली? खाली काय आहे ते बराच काळ कुणाला दिसलंच नव्हतं. 1996 पासून पुढची काही वर्षं कोन्याच्या संग्रहालयाने इथे उत्खनन केलं, गाळ उपसला, तेव्हा भिंतीच्या पायथ्याशी एका ओळीत पाच पर्वतदेव सापडले. हात छातीशी जुळवलेले, अंगावर डोंगराच्या खवल्यांसारख्या नक्षीचे घोळदार झगे. त्यातल्या मधल्या तिघांच्या झग्यांना भोकं आहेत. आरपार. मागून झऱ्याचं पाणी येतं आणि पर्वतदेवांच्या अंगातून तळ्यात पडतं!

हे वाचलं होतं तेव्हा मला एवढं काही वाटलं नव्हतं. प्रत्यक्ष बघताना मात्र लक्षात येतं की हा सजावटीचा भाग नाही. पाणी डोंगरातून येतं. त्या भागातला डोंगर चुनखडीचा, पाऊस आणि बर्फाचं पाणी त्याच्या भेगांमधून आत जातं, जमिनीखालून वाट काढतं आणि सोयीच्या जागी वर येतं. आज भूजलतज्ज्ञ नकाशा काढून जे समजावतील तेच या माणसांनी दगडात काढून ठेवलंय, आणि नुसतं काढून ठेवलं नाही तर त्यातून खरं पाणी वाहवलंय. तळंही नैसर्गिक नव्हे. साधारण 30 बाय 34 मीटरचा बांधून काढलेला हौद आहे तो. समोरच्या बाजूला आणखी एक चौथरा आहे, त्यावरही देवांचं शिल्प होतं. बैलांची तोंडं कोरलेला दगड सापडला, आणि तळ्यात वाहिलेली छोटी छोटी मातीची भांडी सापडली.

परत आल्यावर मावशीला फोटो दाखवले. तिने चष्मा लावून नीट पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "यातला देव कुठला गं?"

मी आधी सांगणार होते की हा मधला आणि ही मधली. पण तिचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मी नंतर जेवढं वाचलं त्यावरून माझं मत असं झालंय, की यातला देव म्हणजे पाणी. मूर्ती आहेत त्या पाण्याची ओळख करून द्यायला. पाणी काढून घेतलंत तर ही भिंत म्हणजे उत्सव संपल्यावर मांडवात उरलेली मखर.

हे मी उगाच भावनेच्या भरात म्हणत नाही. हित्तींच्या हजारो मातीच्या पाट्या हत्तुशाला सापडल्या आहेत, आणि त्यात पाण्याबद्दल जे आहे ते थक्क करणारं आहे. दोन राजांचा तह झाला की साक्षीदार म्हणून देवांची लांबलचक यादी द्यायची पद्धत होती. तिच्या शेवटी पर्वत, नद्या, झरे, समुद्र, आभाळ, जमीन, वारे, ढग हेही साक्षीदार म्हणून येतात. एखादा झरा कोर्टात साक्षीदार म्हणून उभा आहे, कल्पना करा! जमिनीखाली गडप होणाऱ्या आणि पुन्हा वर येणाऱ्या पाण्याच्या वाटेसाठी त्यांच्याकडे वेगळं लेखनचिन्ह होतं, त्याचा शब्दशः अर्थ होतो 'दिव्य पाताळवाट'. झरा आणि विवर ही खालच्या जगाची दारं. रुसून गेलेले देव तिथूनच परत बोलवायचे, त्यांच्यासाठी मध, तेल, दारू यांच्या वाटा काढायच्या.

दुसरं उदाहरण तर मला फारच महत्त्वाचं वाटतं. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात हत्तीमध्ये रोगाची भयंकर साथ आली आणि वीसेक वर्षं टिकली. राजा दुसरा मुर्शिली देवांना विनवण्या करतोय, बाबांनो माझं चुकलं तरी काय ते सांगा. कौल लावला तेव्हा दोन जुन्या पाट्या निघाल्या. एकीत इजिप्तशी केलेला आणि मोडलेला तह. आणि दुसरीत? माला नदीचं, म्हणजे आजच्या युफ्रेटिसचं, करायचं एक व्रत, जे आधीचे राजे करत होते आणि आता बंद पडलं होतं. साम्राज्यावर एवढं संकट आलं तेव्हा कारणांच्या यादीत 'नदीकडे दुर्लक्ष' हे कारण परराष्ट्र धोरणाच्या जोडीला बसलं होतं. साथीचं खरं कारण अर्थातच वेगळं असणार. पण आपण नदीचं काही देणं लागतो आणि ते थकलंय, ही टोचणी मला खोटी वाटत नाही.

आणि हे लोक नुसते भाविक होते असंही नाही. राजाला द्यायचं पाणी गाळूनच द्यायचं, असा राजवाड्यातल्या नोकरांसाठी लेखी नियम होता. एकदा राजाच्या पाण्याच्या भांड्यात केस सापडला, तर त्या पाणक्याला थेट नदीच्या दिव्याला सामोरं जावं लागलं! (आमच्याकडे भाजीत केस सापडला की जे होतं त्यापेक्षा हे जरा जास्तच झालं. असो.)

आता या जागेची मला सगळ्यात भावणारी गोष्ट. इथे एकही अक्षर नाही. कुणी बांधलं, कधी बांधलं, कुठल्या विजयाप्रीत्यर्थ, काहीही नाही. शैलीवरून ते इसवी सनापूर्वी तेराव्या शतकातलं ठरवलं जातं, आणि चौथ्या तुधालियाचं नाव बहुतेक वेळा घेतलं जातं. याच तुधालियाने याच कोन्या प्रांतात यालबुर्तला दुसरा एक झरा बांधला. 1970 मध्ये तो उजेडात आला. तिथे हौदाच्या भिंतींवर लांबच लांब शिलालेख आहे, मी अमुक देश जिंकला, तमुक जिंकला. ते वाचून इतिहासकारांना आनंद होणार हे उघड आहे. पण मला एफ्लातुन पनारची शांतता जास्त मोठी वाटते. कदाचित लेख होता आणि हरवला, तेही शक्य आहे. तरी आज जे उरलंय त्यात राजा नाही, सेना नाही, बंदिवान नाहीत. आभाळ आहे, डोंगर आहेत आणि पाणी आहे. बस्स.

इथे थोडं थांबून आमच्या काकांना उत्तर द्यायला हवं. घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी फोटो टाकल्याबरोबर त्यांचा संदेश आला, "हित्ती म्हणजे वैदिक आर्यच. इंद्र-वरुणाची पूजा करायचे. हे सगळं आपलंच आहे." काका, रागावू नका, पण हे तसं नाही. यात एक खरा धागा आहे आणि तो आहे तसाच सांगितला तर जास्त छान आहे. मितन्नी नावाचं शेजारचं राज्य होतं. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात हित्ती राजा पहिला शुप्पिलुलिउमा आणि मितन्नीचा शत्तिवाझा यांचा तह झाला. त्यात मितन्नीच्या बाजूच्या देवांमध्ये मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य येतात. म्हणजे ते देव मितन्नीचे, हित्तींचे नव्हेत. हित्तींचे देव बरेचसे त्यांच्या आधी तिथे राहणाऱ्या हत्ती लोकांकडून आणि हुरियन लोकांकडून आलेले. अरिन्नाची सूर्यदेवी तर अस्सल स्थानिक.

भाषेचं नातं मात्र आहे, पण ते लांबच्या चुलत घराण्याचं. झेक विद्वान ह्रोझनी याने 1915 मध्ये हित्ती भाषा उलगडली ती एका भाकरी आणि पाण्याबद्दलच्या वाक्यावरून. त्यात पाण्याला शब्द होता 'वातर'. इंग्रजी वॉटर आपल्याला आठवतोच, पण आपला 'उदक'ही त्याच मुळाचा आहे. संध्येच्या पळीतलं उदक आणि हित्तींचं वातर एकाच जुन्या शब्दाची नातवंडं! एवढं नातं मला पुरतं. त्यापुढे जाऊन तो झरा 'आपला' करून टाकायची गरज वाटत नाही. दुसऱ्याचं देवघर बघून नमस्कार करावा, सातबारा आपल्या नावावर करायला निघू नये.

आणि आता भांडण.

कोन्याचं पठार तुर्कस्तानचं धान्याचं कोठार समजलं जातं. पाऊस मात्र वर्षाला साधारण तीनशे-साडेतीनशे मिलिमीटर. गव्हाचं त्यात भागत होतं. पण बीट आणि मका ही तहानलेली पिकं वाढली, तसतशा विहिरी आणि बोअर वाढले, त्यातले कितीतरी बिनपरवान्याचे. भूजलाची पातळी खाली खाली जात राहिली. जमिनीखालच्या पोकळ्यांना पाण्याचा आधार उरला नाही की वरची जमीन अचानक खचते आणि शेतात विहिरीएवढा, कधी मैदानाएवढा खड्डा पडतो. तिकडे त्याला 'ओब्रुक' म्हणतात. पूर्वीही ते पडत, पण आता शेकड्यांनी पडलेत. विवर म्हणजे पाताळाचं दार असं मानणाऱ्या हित्तींनी हे बघितलं असतं तर कुठल्या नदीचं व्रत चुकलं म्हणून घाबरून पाट्या शोधायला धावले असते. मेके नावाचं सुंदर ज्वालामुखी सरोवर आटून गेलं. बेयशेहिरचं सरोवर तुर्कस्तानातलं गोड्या पाण्याचं सगळ्यात मोठं. त्याचं पाणी कालव्याने कोन्याच्या शेतीला द्यायची योजना ऑटोमन काळाच्या अखेरीस झाली. गेल्या काही वर्षांत ते सरोवरही काठापासून मागे सरकतंय.

एफ्लातुन पनार 2014 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. अशा यादीत आलेल्या जागेची काळजी घ्यायची म्हणजे काय करायचं असतं? स्मारकाभोवती संरक्षित पट्टा आखायचा, त्यात बांधकाम होऊ द्यायचं नाही, दगडांची झीज मोजायची, पाटी लावायची. हे सगळं करायलाच हवं. पण माझं म्हणणं असं आहे की या जागेचा पट्टा दगडांपासून मीटर मोजून आखताच येणार नाही. तो पाण्यापासून आखायला हवा. पर्वतदेवाच्या झग्यातून जे पाणी पडतं ते जिथे पाऊस म्हणून पडलं, जिथे मुरलं, ज्या वाटेने आलं, तिथपर्यंत हे स्मारक पसरलेलं आहे. त्या वाटेवर खोल बोअर घेतला तर तो शिल्पावर घातलेला घणच. फरक इतकाच की घणाचा आवाज येतो.

यावर लगेच म्हटलं जाईल, "दगड तरी वाचवा आधी, पाणी काय आज आहे उद्या नाही." मला हे पटत नाही. दगडांची प्रतिकृती करता येते. बेयशेहिरच्याच परिसरात फासिल्लार गावाजवळ एक प्रचंड हित्ती पुतळा आडवा पडलेला आहे, सात मीटरपेक्षा उंच, वजन सत्तर टनांच्या आसपास. तो मुळात याच झऱ्यासाठी घडवला असावा असं काही अभ्यासकांना वाटतं. त्याची हुबेहूब प्रतिकृती अंकाराच्या संग्रहालयाच्या बागेत उभी आहे, लोक तिच्यापुढे फोटो काढतात. उद्या या भिंतीचीही करता येईल. पंप लावून तिच्या भोकांतून नळाचं पाणीही सोडता येईल! मॉलमध्ये असतं तसं. पण झऱ्याची प्रतिकृती कशी करणार? तो एकदाच असतो.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे आणि तो मी टाळणार नाही. तिथल्या शेतकऱ्याने काय करायचं? चार तास थांबून फोटो काढून गेलेल्या पाहुण्याने त्याला "बोअर घेऊ नकोस, तुझ्या शेताखाली देव आहे" असं सांगणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. शेजाऱ्याचा बोअर दोनशे फूट गेला की आपला अडीचशे जाणारच, ही स्पर्धा कुणा एकट्याने सोडून चालत नाही. म्हणूनच मला वाटतं की हा प्रश्न पुरातत्त्व खात्याच्या कपाटात ठेवायचा नसून पीक, वीज आणि पाण्याचा हिशेब करणाऱ्यांच्या टेबलावर ठेवायचा आहे. कमी पाण्याच्या पिकाला भाव द्या, भूजल मोजा, सगळ्यांना एकच नियम लावा. झरा वाचला तर तो शेतकऱ्यासाठीच वाचेल, दगडातल्या देवांसाठी नव्हे. दोघांचं हित वेगळं आहे असं समजणं हीच मुळात गडबड आहे.

आणि तिसरा मुद्दा आमच्या घरातच निघाला. नवऱ्याने विचारलं, "एवढी पाण्याची पूजा करून हित्तींना तरी काय मिळालं?" प्रश्न बोचरा आहे, कारण उत्तर कुणालाही ठाऊक आहे. इसवी सनापूर्वी 1200 च्या सुमारास त्यांचं साम्राज्य कोसळलं. हत्तुशा हळूहळू रिकामी होत गेली. त्याच्या काही काळ आधी इजिप्तच्या मर्नेप्ताहने हत्ती देशाला जगवण्यासाठी धान्य पाठवल्याची नोंद आहे. 2023 मध्ये कॉर्नेलच्या स्टर्ट मॅनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॉर्डियनच्या एका प्राचीन थडग्यातल्या जुनिपरच्या लाकडाची वर्षवलयं तपासून दाखवलं, की इसवी सनापूर्वी 1198 ते 1196 या सलग तीन वर्षांत भीषण कोरडा दुष्काळ पडला होता. एक वर्ष कोठारातल्या धान्यावर निघतं. दुसरंही कसंबसं निघेल. तिसऱ्या वर्षी राज्य उभं राहत नाही. दुष्काळ हे एकच कारण नसेल, पण ते छोटंही नव्हतं.

म्हणजे पूजा वाया गेली का? मला तसं वाटत नाही. त्यांची पूजा म्हणजे फक्त हात जोडणं नव्हतं. याच तुधालियाच्या नावावर अलाजा ह्यूयुकजवळचा गोलपनारचा बंधारा आहे, हेपात देवीला अर्पण केलेला. गाळ काढल्यावर तो तीन हजारांहून जास्त वर्षांनी आजही गावाच्या शेतीला पाणी देतो. देवीच्या नावाने बांधलेला बंधारा! त्यांच्या लेखी नैवेद्य दाखवणं, गाळ काढणं आणि बांध दुरुस्त करणं ही बहुधा एकाच कामाची अंगं होती. आपण त्यातली एक बाजू धर्म म्हणून आणि दुसरी पाटबंधारे म्हणून वेगळी काढली, आणि मग दोन्ही बाजू ओस पडल्या. तीन कोरड्या वर्षांपुढे तेही हरले हे खरं. पण ते स्वतःच्या हाताने झरा आटवून हरले नाहीत. आपल्याबद्दल पुढे कुणाला एवढंही म्हणता येईल का, याची मला शंका आहे.

त्या दिवशी परतताना आम्ही बेयशेहिरची एश्रेफोग्लू मशीद पाहिली. तेराव्या शतकाच्या अखेरीची, आत सगळे लाकडी खांब. आता ती जागतिक वारसा यादीत आहे. तिच्या मधोमध जमिनीत एक मोठा चौकोनी खड्डा आहे आणि त्याच्या बरोबर वरचं छप्पर पूर्वी उघडं होतं. हिवाळ्यात बर्फ आत पडायचा, खड्ड्यात साठायचा आणि हळूहळू वितळताना लाकडांना ओलावा द्यायचा. म्हणून ते लाकूड सातशे वर्षं टिकलं. धर्म वेगळा, काळ वेगळा, लोक वेगळे, पण त्याच सरोवराकाठी पुन्हा एकदा कुणीतरी पाण्याला सोबत घेऊन इमारत बांधली होती. त्या भागातल्या माणसांना ही अक्कल होती, आजही असणार. अफलातूनची गोष्ट सांगणाऱ्यांना तरी ती नक्कीच होती.

तर मावशी, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हे असं आहे. लांबलं खरं. आणि तुमच्यापैकी कुणी कोन्याच्या बाजूला जाणार असाल तर रूमींना भेटाच, पण एक दिवस जास्तीचा ठेवून या झऱ्याकडेही जा. वरचं आभाळ आणि मधले देव सगळेच बघतात. तुम्ही आधी काठावर जाऊन खालच्या पाच पर्वतदेवांकडे बघा, मधल्या तिघांच्या झग्यांतून पाणी येतंय का ते बघा, आणि मला कळवा.